फंड कुणाचा, सक्ती कुणावर?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा पूर्ण मजकूर. बोलण्याची भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय तुमच्या पगाराच्या स्लिपवरची एक ओळ आहे. बेसिक पंधरा हजार असेल तर त्या ओळीसमोर १८०० असा आकडा असतो आणि वर लिहिलेलं असतं पीएफ. आपल्या सातारा-सांगलीकडे घरातली मोठी माणसं याला अजून 'फंड' म्हणतात. 'फंडातनं घर बांधलं', 'फंड काढून पोरीचं लग्न केलं' हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलेलं असणार.

आता या फंडाबद्दल मला दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला असा: 'ताई, माझेच पैसे माझ्याकडून सक्तीनं का कापतात? हातात द्या, मी एसआयपी करतो.' दुसरा प्रकार कुपवाड, मिरज, तासवडे, शिरवळ असल्या एमआयडीसीतून येतो: 'कंत्राटदार म्हणतोय, पीएफ नको म्हण, दोन हजार जास्त हातात देतो. घेऊ का?'

दोघांचा प्रश्न वरवर एकच वाटतो. म्हातारपणासाठीची बचत सक्तीची असावी का? पण माझं म्हणणं असं की या प्रश्नात एक शब्द कायम गाळला जातो. सक्ती, पण कुणावर? आजचा भाग त्या एका शब्दावर आहे.

आधी दोन हजारांचा हिशोब

दुसऱ्या मेसेजपासून सुरू करू, कारण त्यात आकडे सरळ आहेत. मोबाईलचा कॅल्क्युलेटर उघडा.

बेसिक १५ हजार. तुमचे १२ टक्के, म्हणजे १८०० कापले जातात. मालकालाही १२ टक्के, म्हणजे आणखी १८०० भरावे लागतात. त्यातले १२५० पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० तुमच्या फंडात. शिवाय मालक विमा आणि प्रशासकीय खर्चाचे मिळून साधारण एक टक्का, म्हणजे दीडशे रुपये भरतो. तर तुमच्या हातात येतात १३,२०० आणि कंत्राटदाराच्या खिशातून जातात १६,९५०.

आता तो म्हणतोय, पीएफ सोड, दोन हजार जास्त घे. तुमच्या हातात १५,२००. त्याचा खर्चही १५,२००. म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार रुपये त्याचे वाचले. तुमच्या नावावर महिन्याला ३६०० जमा होणार होते, ते गेले, आणि बदल्यात मिळाले दोन हजार. विमा गेला, पेन्शनची वर्षं गेली ती वेगळीच. शंभर पोरं कामाला असतील तर कंत्राटदाराचे महिन्याला पावणेदोन लाख सुटतात. तो तुम्हाला 'फायदा' का करून देतोय, ते कळलं?

यात तुमची संमती घेतली तरी ते कायदेशीर होत नाही. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना तो लागू होतो. कंत्राटदारानं भरला नाही तर मुख्य कंपनीचीही जबाबदारी असते.

पण एसआयपीवाल्याचं काय?

त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

एक तर तो म्हणतो की सीटीसीवर नोकरी असेल तर मालकाचा वाटासुद्धा माझ्याच पगारातून काढलेला असतो. बरोबर आहे. पुण्यात हिंजवडीला ऑफर लेटर मिळतं त्यात दोन्ही वाटे धरलेले असतात.

दुसरं, व्याज. २०२४-२५ साठी पीएफचं व्याज ८.२५ टक्के होतं. बँकेतल्या एफडीपेक्षा बरं, पण शेअर बाजारात दीर्घ काळात याहून जास्त मिळू शकतं. मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही, पण शक्यता खरी आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गरज आज आहे. घरात कर्ज आहे, बहिणीचं शिक्षण आहे, बापाचं ऑपरेशन आहे आणि पैसे मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षासाठी अडकलेत. सावकाराचं किंवा लोन ॲपचं व्याज ज्याच्या मानेवर आहे, त्याला ८.२५ टक्क्यांचं कौतुक सांगणं बरोबर नाही.

हीच ओढाताण ऑक्टोबर २०२५ मध्ये दिसली. १३ तारखेला ईपीएफओच्या विश्वस्त मंडळानं पैसे काढण्याचे तेरा प्रकारचे नियम एकत्र करून तीन गट केले, काढणं सोपं केलं. पण त्याच वेळी खात्यात किमान २५ टक्के शिल्लक ठेवायची, आणि नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढायला दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबायचं, असंही ठरवलं. सोशल मीडियावर गदारोळ झाला. 'आमच्याच पैशाला कुलूप' असं लोक म्हणाले.

कुलूप आहेच. ते कशासाठी आहे, तेवढं आकड्यात बघू. तुमच्या फंडात महिन्याला १८०० अधिक ५५०, म्हणजे २३५० जातात. तीन वर्षांनी नोकरी सोडली आणि सगळं काढलं तर साधारण ९५ हजार मिळतील. बाइकचं डाऊन पेमेंट आणि एक बरा फोन. तेच ९५ हजार पुढं एक रुपया न घालता बत्तीस वर्षं याच व्याजानं राहू दिले तर साधारण १२ लाख होतात. आणि तेविसाव्या वर्षापासून अठ्ठावन्नपर्यंत न काढता चालू ठेवलं, पगार एक रुपयानंही वाढला नाही असं धरलं, तरी रक्कम ५० लाखांच्या वर जाते.

लगेच टाळ्या वाजवू नका. महागाई सहा टक्के धरली तर पस्तीस वर्षांनंतरच्या त्या रकमेची किंमत आजच्या सात लाखांच्या आसपास भरते. म्हणजे फंड एकटा म्हातारपण काढणार नाही, आणि फंड मोडला तर तेवढंही उरणार नाही. एसआयपी जरूर करा, पण फंडाच्या जागी नको, सोबत करा. माझं एसआयपीवाल्या मित्रांना एवढंच विचारणं आहे: गेल्या वर्षी बाजार पडला तेव्हा, किंवा घरात लग्न निघालं तेव्हा, तुमची एसआयपी चालू होती का? ज्याचं उत्तर 'हो' आहे, त्याला सक्तीची गरज कमी आहे. कायदा सगळ्यांसाठी करायचा असतो.

पाटण तालुक्यातली गोष्ट

आता सक्ती कुणावर, या प्रश्नाकडे येते. त्यासाठी थोडं मागं जाऊ. पाटण, जावळी, कोरेगाव, शिराळा, तुमच्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा इथून मुंबईला गेले. काही गिरणीत लागले. ज्यांना गिरणी मिळाली नाही ते बंदरात आणि बाजारात ओझी उचलायला लागले. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी.

गिरणीकामगाराला मालक होता, हजेरी होती, फंड होता. माथाडीला काय होतं? सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. टोळी आणि मुकादम. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणणार, हा माझा कामगार नाही. सगळ्यांचं काम करणारा आणि कुणाचाच कामगार नसलेला माणूस. पाठ गेली की गावाकडं परत.

याच माणसांना अण्णासाहेब पाटील यांनी संघटित केलं. ते मूळचे पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायतीतून हमालांचा प्रश्न लावून धरला. या सगळ्या लढ्यांतून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगार कायदा आला.

या कायद्याची युक्ती नीट समजून घ्या, कारण आजच्या भागाचा गाभा तोच आहे. कायद्यानं 'खरा मालक कोण' हे शोधत बसणं सोडून दिलं. त्याऐवजी सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेलं एक मंडळ उभं केलं. माथाडीची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा. कामगार दिवसातून दहा दुकानं फिरला तरी त्याचं खातं एकच.

आता सांगा, या कायद्यात सक्ती कुणावर होती? माथाडीच्या कमाईतून निधीचा वाटा जायचा, हे खरं. पण मोठी सक्ती होती ती 'हा माझा माणूस नाही' म्हणणाऱ्या व्यापाऱ्यावर. ती सक्ती नसती तर 'ज्याला वाटेल त्यानं बचत करावी' एवढंच राहिलं असतं, आणि मजुरीतून चहा-भाकरी सुटायची मारामार असलेला माणूस बचत करणार कशातून?

म्हणून ऐच्छिक बचत आणि सक्तीची बचत यांची तुलना करताना फक्त व्याजदर बघून चालत नाही. ऐच्छिक योजनेत तुम्ही एकटे असता. सक्तीच्या योजनेत समोरच्यालाही हात खिशात घालावा लागतो, आणि तुमच्या कामाची कुठंतरी नोंद राहते. लेव्हीवरून बाजारपेठांमध्ये अजूनही वाद होतात, ते यामुळंच. पैसा कुणाच्या खिशातून जातो, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक असतं.

हजार रुपयांची पेन्शन

आता दुसरी बाजू. सक्ती करायची तर शेवटी हातात काहीतरी धड पडलं पाहिजे. इथं आपली व्यवस्था कमी पडते, आणि हे बोलल्याशिवाय मी पुढं जाणार नाही.

मालकाच्या वाट्यातले ते १२५० जातात त्या योजनेचं नाव ईपीएस-९५, कर्मचारी पेन्शन योजना १९९५. आपल्याकडच्या साखर कारखान्यांचे कामगार, एसटीचे लोक, सहकारी संस्थांचे कर्मचारी, सगळे त्यात. सूत्र सोपं आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. आज पंधरा हजारांच्या मर्यादेवर बारा वर्षं नोकरी झाली तर २,५७१ रुपये. पस्तीस वर्षं पूर्ण काढली तर ७,५००. आणि ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. पहिल्या महिन्याला जेवढी, ऐंशीव्या वर्षीही तेवढीच.

सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन हजार रुपये आहे. ज्यांनी जुन्या काळात कमी पगारावर नोकरी केली, ते या हजारांच्या आसपासच आहेत. साडेसात हजार आणि महागाई भत्ता मिळावा म्हणून या पेन्शनरांनी बुलढाण्यात वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं. सत्तरी ओलांडलेली माणसं!

शेजारी सरकारी नोकरी ठेवून बघा. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर होते. सातारा-सांगलीतल्या शाळाही त्या दिवसांत बंद होत्या. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती, बाजारावर अवलंबून असलेली एनपीएस होती. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं युनिफाइड पेन्शन स्कीम आणली. पंचवीस वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, आणि दहा वर्षं सेवा झाली तरी किमान दहा हजार.

किमान दहा हजार इकडे, किमान एक हजार तिकडे. मी मास्तरांच्या किंवा क्लार्कच्या पेन्शनवर डोळा ठेवून हे सांगत नाहीये. त्यांनी संघटना करून मिळवलं, चांगलंच झालं. पण दोन्हीकडे पगारातून कपात आहे, दोन्हीकडे सक्ती आहे, आणि परतावा एवढा वेगळा. मग खासगीतल्या पोराला 'सक्ती तुझ्या भल्याची' हे पटवणार कसं?

आणि जे स्लिपच्या बाहेर आहेत?

आपल्या दोन जिल्ह्यांत पगाराची स्लिपच नसलेली माणसं भरपूर. जत-आटपाडीचा शेतकरी. माण-खटावमधून ऊसतोडीला जाणारं जोडपं. विटा-खानापूरकडून गलाईसाठी देशभर पांगलेली मंडळी, पन्नास वर्षं सोनं-चांदी वितळवली, पण फंड नावाची गोष्ट नाही. घरकाम करणाऱ्या मावशी. आणि तुमच्याच वयाचा डिलिव्हरी बॉय.

यांच्यासाठी 'जमीन हीच पेन्शन आणि पोरगं हाच फंड' असं चालत आलंय. पण दोन भावांत वाटणी झाली की जमीन उरते गुंठ्यांत, आणि पोरगं पुण्यात दहा बाय दहाच्या खोलीत भाड्यानं. ते पाठवणार किती?

सरकारकडून काय मिळतं? श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधाराला महिन्याला १५०० रुपये. पण अट आहे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असण्याची. २१ हजार वर्षाला! रोज साठ रुपयेसुद्धा होत नाहीत. मुलगा सांभाळत नसेल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. प्रांताकडे अर्ज करता येतो, मुलांना महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता द्यायला लावता येतो. बघा, इथंही सक्तीच आहे, फक्त ती चाळीस वर्षं उशिरा आणि थेट पोरावर येते. किती आई-बाप पोराविरुद्ध प्रांत ऑफिसची पायरी चढतील?

डिलिव्हरीवाल्या मित्रांनो, तुमच्यासाठी एक बातमी आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. त्यात ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. ओळखीचं वाटतंय ना? दिवसातून दहा हॉटेलं, कुणाचाच कामगार नाही, आणि 'हा माझा माणूस नाही' म्हणणारा मालक. पाटणच्या माथाडीनं १९६९ साली जे मिळवलं, त्याच्याच जवळपास जाणारी कल्पना. फरक एवढाच की माथाडीच्या मागं संघटना होती. तुमच्या खात्यात पेन्शन म्हणून नक्की काय पडणार, हे तुम्ही किती एकत्र येता यावर बरंचसं ठरेल.

माझं मत आणि या आठवड्याचं काम

माझं मत सांगते, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. बचत सक्तीची असावी. पण ज्याची कमाई पोटापुरतीच आहे त्याच्यावर एकट्यावर नको. त्याच्या श्रमावर जो जो कमावतो त्याच्यावर ती आधी हवी. आणि सक्तीनं घेतलेल्या पैशाची पेन्शन महागाईबरोबर वाढली पाहिजे. या दोन गोष्टी नसतील तर पोरं फंड मोडत राहणार, आणि मी त्यांना फार दोष देणार नाही.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर तुमच्या हातात असलेल्या चार गोष्टी:

पहिली: उमंग ॲपवर यूएएन टाकून पासबुक उघडा. स्लिपवर कपात दिसते आणि पासबुकात जमा नाही, असं असेल तर तो गुन्हा आहे. स्लिपचे फोटो काढून ठेवा आणि ईपीएफओच्या पोर्टलवर तक्रार करा.

दुसरी: ई-नॉमिनेशन करा. नोकरीत असताना काही बरं-वाईट झालं तर विम्याचे सात लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी जोडीदाराला पेन्शन लागू होते. वीस-बावीसच्या वयात हे बोलायला नको वाटतं, पण बाइकवर रोज हायवेनं जाता ना?

तिसरी: नोकरी बदलली तर फंड काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात, आणि जुन्या नोकऱ्यांची वर्षं जोडली गेली तरच ती भरतात.

चौथी: घरात ज्यांना पीएफ नाही, वय अठरा ते चाळीस आहे आणि जे आयकर भरत नाहीत, त्यांच्यासाठी अटल पेन्शन योजना बघा. साठीनंतर महिना पाच हजारांसाठी अठराव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला २१० रुपये, तिसाव्या वर्षी ५७७, चाळिसाव्या वर्षी १४५४. पाच हजारांची किंमत तेव्हा कमी झालेली असेल हे मघाशी बोललोच. तरी वहिनीच्या, बहिणीच्या स्वतःच्या नावावर महिन्याला काहीतरी येणं, हे काहीच न येण्यापेक्षा खूप वेगळं असतं.

तुमच्या घरात कुणी माथाडी, साखर कारखान्यात किंवा एसटीत असेल तर त्यांना आज विचारा, पेन्शन किती येते आणि फंडाचं काय केलं. व्हॉइस मेसेज पाठवा. पुढच्या भागात काही उत्तरं ऐकवीन, नावं न घेता. आणि तो दोन हजारवाला हिशोब तुमच्या शॉपच्या ग्रुपवर जरूर टाका. कंत्राटदार ग्रुपमध्ये असला तरी चालेल.

भेटू पुढच्या रविवारी.